विद्यापीठाच्या ग्रंथालयात पक्षी शोधताना : खानदेशातल्या नव्या वाचकासाठी

मेहरूण तलावावर, हतनूरच्या धरणाकाठी नाहीतर घरामागच्या बाभळीवर एखादा अनोळखी पक्षी दिसतो. मोबाइलवरचे फोटो ताडून पाहिले तरी नाव पक्कं होत नाही. मग कुणीतरी सांगतं, "विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा, तिथं पक्ष्यांची पुस्तकं आहेत." इथवर बरेचजण येतात. पण आत गेल्यावर पंधरा मिनिटांत हात हलवत बाहेर पडणारे मी खूप पाहिले आहेत. कुणाला कपाट सापडत नाही, कुणाला पुस्तक सापडतं पण पक्षी सापडत नाही, आणि कुणाला एका पुस्तकात नाव मिळालं की तो तिथंच थांबतो. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे.

माझं सांगणं एकच आहे. एक पक्षी घ्या आणि तो किमान तीन पुस्तकांत शोधा : एका जुन्या, एका नव्या आणि एका मराठी. पक्ष्यांच्या बाबतीत एकट्या पुस्तकावर विसंबू नये. खानदेशात राहणाऱ्याला तर हे विसरून चालणारच नाही. त्याचं कारण पुढे रानपिंगळ्याच्या गोष्टीत येईल.

घरून निघताना

आधी पक्षी वहीत उतरवा. पाहिल्याची तारीख, वेळ, जागा, कशावर बसला होता, चोच कशी होती, पाय कसे होते, उडताना शेपटी-पंखांवर काय दिसलं, आवाज कसा होता. आकार सेंटिमीटरमध्ये मांडायच्या भानगडीत पडू नका. चिमणीएवढा, साळुंकीपेक्षा थोडा लहान, कावळ्यापेक्षा मोठा, असं लिहा. सालिम अलींनी १९४१ सालच्या आपल्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स'मध्ये आकार असाच ओळखीच्या पक्ष्यांच्या मापानं दिला आहे. तुमची नोंद त्याच मापात असेल तर पानाशी ती थेट ताडता येते.

विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी यांच्याकडे ग्रंथालयाचं कार्ड असतंच. बाहेरच्या माणसाला पुस्तक घरी न्यायला मिळेलच असं नाही, पण बसून वाचायची परवानगी बऱ्याच ठिकाणी मिळते. ओळखपत्र, आणि जमलं तर एखाद्या शाळेचं, महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र सोबत ठेवा. नियम आणि वेळा प्रत्येक ठिकाणच्या वेगळ्या, म्हणून आधी फोन करून विचारा. बॅग दाराशी ठेवावी लागते, तेव्हा वही, पेन्सिल आणि चष्मा हातात असू द्या. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्षात जागा मिळत नाही, पण पुस्तकांच्या कपाटांकडे शुकशुकाट असतो. आपल्या कामाला तेच दिवस बरे.

ओपॅकवर काय टाइप करायचं

कार्डांची तालिका आता जवळपास गेलीच. तिच्या जागी ओपॅक, म्हणजे संगणकावरची ग्रंथालयाची पुस्तकयादी, आली. त्यात इंग्रजी पुस्तकांसाठी 'बर्ड्स' आणि 'ऑर्निथॉलॉजी' हे दोन्ही शब्द वेगवेगळे शोधा. एकात सापडलं नाही ते दुसऱ्यात सापडतं. नव्या माणसाची फसगत होते ती मराठी पुस्तकांपाशी. काही ग्रंथालयांत मराठी पुस्तकांची नावं देवनागरीत भरलेली असतात, काही ठिकाणी रोमन लिपीत, आणि काही ठिकाणी निम्मी अशी, निम्मी तशी. म्हणून 'पक्षी' देवनागरीत टाका, मग तोच शब्द रोमन अक्षरांत टाका. रोमनमध्येही शेवटी एक 'आय' आणि दोन 'ई' अशी दोन्ही स्पेलिंगं करून पाहा. तरी काही नाही आलं तर लेखकाच्या आडनावानं शोधा. आडनावं भरताना चुका कमी होतात.

पुस्तक सापडलं की दोन आकडे लिहून घ्या : बोधांक आणि दाखलअंक. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते बोधांक सांगतो. दाखलअंक त्या एका प्रतीचा असतो. कपाटात पुस्तक दिसलं नाही तर देवघेव विभागातल्या मॅडमना किंवा दादांना दाखलअंक सांगा. पुस्तक कुणाकडे गेलंय, बांधणीला गेलंय की संदर्भ विभागात हलवलंय, हे त्यांना लगेच कळतं. "पक्ष्यांचं ते मोठं निळं पुस्तक" असं सांगून काही होत नाही.

कपाटापाशी : ५९८ आणि त्याची भावंडं

ड्यूई दशांश पद्धतीत प्राणिशास्त्र ५९० पासून सुरू होतं. ५९७ मध्ये मासे, बेडूक, साप. ५९९ मध्ये सस्तन प्राणी. या दोघांच्या मधलं ५९८ पक्ष्यांचं. पुढच्या दशांशातला ५४ म्हणजे भारत, त्यामुळे भारतातल्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ५९८.०९५४ असा आकडा दिसेल. जुन्या आवृत्तीप्रमाणे वर्गीकरण झालेल्या पुस्तकांवर मात्र ५९८.२९५४ असतो. एकाच विषयाची पुस्तकं त्यामुळे कपाटाच्या दोन खणांत पांगलेली असतात. हात एका खणावर थांबवू नका, ५९८ ची पूर्ण ओळ डावीकडून उजवीकडे पाहून घ्या.

ही ओळ संपली म्हणजे पक्षी संपले, असंही नाही. मला सगळ्यात उपयोगी पडलेली काही पानं ५९८ च्या बाहेर सापडली. वन्यजीव संवर्धनाची पुस्तकं ६३९.९ ला आणि ३३३.९५ ला असतात. कोंबड्या आणि बदकपालन ६३६.५ ला असतं, तिकडे रानपक्षी शोधू नका. मराठी ललित लेखन ८९१.४६ ला असतं आणि मारुती चितमपल्लींची बरीच पुस्तकं तुम्हाला तिथंच, कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी मिळतील. जिल्हा गॅझेटियर इतिहास-भूगोलात, बहुधा संदर्भ विभागात. १८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशावर आहे. या गॅझेटियर-मालेत 'उत्पन्न' या प्रकरणात त्या जिल्ह्यातली खनिजं, झाडं, प्राणी यांची माहिती दिलेली असते. तुमच्या तालुक्यात दीडशे वर्षांपूर्वी कसलं रान होतं हे समजल्याशिवाय तिथल्या पक्ष्यांचं चित्र पुरं होत नाही.

पक्ष्याचं नाव बदललं की पक्षी हरवतो

इथं जरा थांबून वाचा, कारण बहुतेकजण इथंच अडकतात.

समजा तुम्हाला भारद्वाज शोधायचा आहे. मोबाइलवर त्याचं इंग्रजी नाव 'ग्रेटर कौकल' असं मिळालं. ते घेऊन तुम्ही सालिम अलींच्या जुन्या आवृत्तीची सूची उघडली, तर त्या नावाखाली तो दिसणार नाही. तिथं तो 'क्रो-फेझंट' आहे. चास किंवा नीलकंठ आता 'इंडियन रोलर', पण जुन्या पुस्तकांत त्याला 'ब्लू जे' म्हटलेलं आढळतं. कोतवाल आजचा 'ब्लॅक ड्राँगो', तेव्हाचा 'किंग क्रो'. घार 'ब्लॅक काइट' झाली, आधी ती 'परिआ काइट' होती. आपला नेहमीचा ढोकरी बगळा म्हणजे 'पाँड हेरॉन', त्याचं जुनं नाव 'पॅडीबर्ड'. ज्वारीच्या कणसांवर थव्यांनी उतरणारी भोरडी नव्या पुस्तकांत 'रोझी स्टार्लिंग', जुन्यांत 'रोझी पास्टर'.

उपाय सोपा आहे. वहीच्या शेवटच्या दोन पानांवर तीन रकाने आखा : मराठी नाव, जुनं इंग्रजी नाव, नवं इंग्रजी नाव. चौथा रकाना शास्त्रीय नावासाठी ठेवा, पण तेही कायमचं असतं असं समजू नका. पक्षी एका वंशातून (जीनसमधून) दुसऱ्या वंशात हलवला की नावाचा पहिला शब्द बदलतो. दुसरा शब्द बहुधा टिकतो. म्हणून सूचीत अडलात तर शास्त्रीय नावाच्या दुसऱ्या शब्दानं शोधा.

क्रमाचंही तसंच. पक्ष्यांची पुस्तकं बाराखडीप्रमाणे लावलेली नसतात, कुळांप्रमाणे असतात. जुन्या पुस्तकांत सुरुवातीला पाणबुडे, बगळे, बदकं आणि शिकारी पक्षी येतात. अलीकडच्या बऱ्याच पुस्तकांत तित्तर, लावे, मोर आधी येतात आणि बदकं त्यांच्या मागोमाग. पहिल्या दिवशी एकही पक्षी न शोधता दोन पुस्तकांची नुसती अनुक्रमणिका शेजारी-शेजारी ठेवून वाचा. अर्धा तास जातो, पण पुढचे महिने वाचतात.

दहा खंडांतला कुठला खंड काढायचा

सालिम अली आणि डिलन रिप्ली यांचं 'हँडबुक ऑफ द बर्ड्स ऑफ इंडिया अँड पाकिस्तान' १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांत निघालं. ज्या ग्रंथालयात ते आहे तिथं ते बहुधा संदर्भ विभागात असतं आणि घरी देत नाहीत. दहाही खंड टेबलावर मांडून बसणारा नवखा लगेच ओळखू येतो. गरज असते एकाच खंडाची. हतनूरची बदकं आणि घारी-गरुड पहिल्या खंडात. सारस, मोर, तित्तर दुसऱ्यात. पाणभिंगरी, कबुतरं, पोपट, कोकिळा आणि घुबडं तिसऱ्यात. खंड्या, वेडा राघू, धनेश, सुतार चौथ्यात. चंडोल, खाटीक, साळुंक्या आणि कावळे पाचव्यात. बुलबुल आणि सातभाई सहाव्यात. नाचण सातव्यात, वटवटे आणि दयाळ आठव्यात, धोबी नवव्यात. शिंजीर, चिमणी आणि सुगरण दहाव्यात.

सुगरणीचं पान वाचाच. खोप्याचं विणकाम, नराचं अर्धवट विणलेल्या खोप्याला लोंबकळून पंख फडफडवणं, मादीनं येऊन तो पसंत करणं, हे सगळं तिथं शास्त्राच्या भाषेत आहे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंनी त्याच खोप्यावर लिहिलं आणि आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. शेताच्या बांधावरून पाहिलेला खोपा आणि दहाव्या खंडातला खोपा एकच आहे. दोन्ही एका दिवशी वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक पक्ष्याचा मजकूर ठरलेल्या क्रमानं येतो : वर्णन, आढळ, अधिवास, सवयी, खाद्य, आवाज, वीण. नवा वाचक फक्त वर्णन आणि चित्र पाहतो. आधी आढळ आणि अधिवास वाचा. पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलातच राहणारा पक्षी चोपड्याच्या केळीच्या बागेत तुम्हाला दिसला असं वाटत असेल, तर रंग कितीही जुळोत, दुसरं नाव शोधायला लागा. हातपुस्तिकेतले नकाशेही सावकाश पाहा. त्यांत अवघा खानदेश नखाएवढा असतो, सातपुडा एक रेघ. रंगाची कड नर्मदेपाशी थांबते की तापीच्या खाली उतरते हे भिंगातून पाहावं लागतं.

रानपिंगळा : तीन पुस्तकं का लागतात

अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ साली आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकातून एका नव्या छोट्या घुबडाचं वर्णन केलं आणि नमुना गोळा करणाऱ्या ब्लेविट यांच्या नावावरून त्याला 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी' असं नाव दिलं. तोच आपला रानपिंगळा. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज राजवटीतल्या सनदी अधिकाऱ्यानं खानदेशात नोकरी करताना त्याचे नमुने गोळा केले. डेव्हिडसनची पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी १८८२ साली 'स्ट्रे फेदर्स'मध्येच छापून आली. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दिसेनासा झाला.

दिसेनासा झाला, पण पुस्तकांत राहिला. १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीजवळ तो मिळाल्याची रिचर्ड मीनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची नोंद पुढे शेवटची नोंद म्हणून उद्धृत होत राहिली. शोधणारे ती खरी धरून शोधत होते. नव्वदीच्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने एकेक करून तपासले, तेव्हा मीनर्ट्झहागेन यांचा नमुना डेव्हिडसनचाच असल्याचं उघड झालं. तो चोरून, उसवून, पुन्हा भरून नव्या चिठ्ठीनिशी ठेवला होता. मांडवी आणि १९१४ दोन्ही खोटी ठरली. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी, आपल्या खानदेशात, भर दिवसा.

मी सुरुवातीला मांडवीची ती नोंद एका जुन्या पुस्तकातून जशीच्या तशी वहीत उतरवली होती आणि शाळेतल्या मुलांपुढे बोलताना सांगितलीही होती. शेजारच्याच खणात नवं पुस्तक होतं. ते मी उघडलं नव्हतं. ती चूक सुधारायला मला पुन्हा त्या शाळेत जावं लागलं. तेव्हापासून वहीत कुठलीही नोंद घेताना मी पुस्तकाचं नाव, आवृत्ती, वर्ष आणि पान लिहितो, आणि त्याच पक्ष्याविषयी किमान एक नवं पुस्तक पाहिल्याशिवाय ती कुणाला सांगत नाही. रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचं 'बर्ड्स ऑफ साउथ एशिया' दोन खंडांत २००५ साली निघालं, दुसरी आवृत्ती २०१२ ची. जुन्या नोंदी नमुन्यांवरून पारखून घेतलेलं हे पुस्तक ग्रंथालयात असेल तर नवं पुस्तक म्हणून तेच घ्या.

रानपिंगळा ओळखायचा असेल तर नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याचं पान शेजारी उघडा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ सपाट तपकिरी, ठिपके असलेच तर पुसट. छाती गडद, पोट पांढरं, शेपटीवर ठळक पट्टे. गावातल्या वडावर रात्री कलकलणारा पिंगळा रानपिंगळा म्हणून नोंदवला जाण्याचे प्रकार होतात. दोन चित्रं शेजारी ठेवली की ही चूक टळते.

याच पक्ष्याच्या निमित्तानं जागांच्या नावांचंही बघा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. रानपिंगळा सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता, आणि त्याआधीच्या पुस्तकांत तो पश्चिम खानदेश. १९०६ पूर्वी तर सगळाच एक खानदेश. सूचीत 'नंदुरबार' शोधून काही मिळालं नाही म्हणून पुस्तक मिटू नका. धुळे, 'धुलिया', खानदेश, तळोदा, अक्राणी, 'ताप्ती' असं सगळं शोधा.

मराठी पुस्तक आणि गावातलं नाव

चितमपल्लींचा 'पक्षीकोश' हाताशी घ्या. नावं जुळवायला त्याचा फार उपयोग होतो, कारण एकाच पक्ष्याची मराठीत जिल्ह्यागणिक वेगळी नावं आहेत. पण कोशातलं नाव तुमच्या आजीच्या तोंडी असेलच असं नाही. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, कावळ्याचा 'कावया' होतो. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल गावांत तर नावं अगदीच निराळी. ही नावं ऐकली तशी वहीत लिहा, गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं वय लिहा. रानपिंगळ्याच्या रानात राहणाऱ्या माणसानं सांगितलेलं नाव छापील नावाइतकंच मोलाचं आहे. ग्रंथालयात ते नसेल तर ती उणीव ग्रंथालयाची.

झेरॉक्स, फोटो आणि जुन्या पुस्तकांचे स्कॅन

अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मागू नका, मिळणार नाही आणि मागणं योग्यही नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. सालिम अली १९८७ साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं अजून बरीच वर्षं हक्काखाली आहेत. दोन-चार पानं अभ्यासासाठी हवी असतील तर विचारून घ्या. मोबाइलनं फोटो काढण्याआधीही विचारा.

जुन्या पुस्तकांचं मात्र सोपं आहे. जर्डन यांचं १८६२ ते १८६४ मधलं 'द बर्ड्स ऑफ इंडिया', ह्यूम यांचं 'स्ट्रे फेदर्स', बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या १८८६ पासूनच्या जर्नलचे जुने अंक, हे बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. डेव्हिडसनची खानदेशची यादी तिथंच वाचा आणि आपल्या तालुक्याचे उल्लेख वहीत काढा. विद्यापीठांतल्या पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत. खानदेशातल्या धरणांवर आणि अभयारण्यांवर काम झालेलं पाहायचं असेल तर तिथं धरणाच्या किंवा तालुक्याच्या नावानं शोधा. प्रबंधातल्या पक्षीयाद्या उपयोगी असतात, पण तीच काळजी तिथंही घ्या. यादीत एखादं नाव खटकलं तर फोटो किंवा तारीख दिली आहे का ते पाहा.

ग्रंथालयात हवं ते पुस्तक नसेल तर खरेदी-सूचनेचा अर्ज भरा. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि ते कोणत्या अभ्यासाला लागेल हे नीट लिहा. प्राणिशास्त्र विभागातल्या एखाद्या सरांची शिफारस जोडली तर अर्ज लवकर पुढे सरकतो.

निघताना पुस्तक स्वतः कपाटात परत ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. ५९८ मधलं पुस्तक चुकून ५८९ च्या खणात गेलं की ओपॅकवर ते 'उपलब्ध' दिसत राहतं आणि पुढच्या साठा-मोजणीपर्यंत कुणालाच सापडत नाही.